आवाज दुसऱ्या टप्प्यात

घमापुरात दर गुरुवारी संध्याकाळी डोमाजीबुवांचे कीर्तन होते आणि जबलपुरातली मराठी माणसे त्याला येतात, ही गोष्ट इतकी जुनी होती की तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. बुवांच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा कुठे लक्ष गेले. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, दिवाळी झाली की ऑपरेशन करावेच लागेल. त्यानंतर बुवा बोलतील, पाणी मागतील, सुनेला हाक मारतील. गाणे मात्र विसरा.

गाणे विसरायचे म्हणजे नेमके काय विसरायचे, ते सांगायला हवे. बुवांपाशी एक आख्यान होते, नावाड्याच्या बायकोचे. त्यांच्या गुरूंनी त्यांना तोंडी दिलेले. ही बाई नर्मदेच्या परिक्रमेचा नेम घेते. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते. नवऱ्याची नाव दारात बांधलेली आणि हिला तिच्यात पाय ठेवायची चोरी. मग ही काठाकाठाने चालत निघते आणि तो पाण्यातून नाव वल्हवत तिच्या बरोबरीने जातो. रोज दिवेलागणीला तो नावेतून हाक देतो, ती काठावरून ओ देते. बुवा ती ओ द्यायचे तेव्हा पेटी थांबायची, चिपळ्या थांबायच्या, आणि केवळ शिऱ्यासाठी आलेली मागच्या रांगेतली मंडळीही शिरा विसरायची. हे कुठेच लिहिलेले नव्हते. लिहून उपयोगही नव्हता; ओ लिहिणार कशी?

तेव्हा बुवांचा आवाज वाचवलाच पाहिजे, असे आमच्या श्रोतृमंडळाच्या सभेत एकमताने ठरले. अध्यक्षस्थानी शालिग्रामजी होते. त्यांची सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत तपासणी विभागात झालेली. तिथे शिक्का नसलेली वस्तू फाटकाबाहेर जात नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच शिस्त देवाधर्माला लावली. प्रसाद बोटावर घेऊन, चाखून, त्यांनी मान डोलावल्याशिवाय आमच्याकडे वाटप होत नसे.

बुवांची सून पुष्पाबाई बायकांच्या बाजूने उठून म्हणाली, "त्याच्यासाठी एवढी मीटिंग कायले जी? मागच्या गुरुवारी मी फोनमध्ये भरून ठेवलं न अख्खं आख्यान. आणखी दोन-चार गुरुवार भरून ठेवते. झालं!"

इतका साधा उपाय ऐकून सभ्य माणसांना जसे अवघडल्यासारखे होते, तसे आम्हाला झाले.

दिवाकरने सभेची लाज राखली. दिवाकर नेपियर टाउनमध्ये स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतो आणि उरलेल्या वेळात संस्थांना सरकारी प्रस्ताव लिहून देतो. योजनांची नावे तो स्तोत्रासारखी घडाघडा म्हणतो. "वहिनी, फोनमधलं रेकॉर्डिंग म्हणजे घरगुती काम," तो म्हणाला. "त्याला काय किंमत? सध्या डिजिटल लोकलाभ योजना सुरू आहे. समाजाला फायदा होईल असं काहीही डिजिटल करा, सरकार निधी देते. ॲप होईल, पोर्टल होईल. बुवा साऱ्या दुनियेत ऐकू येतील."

"मले तर इथंच ऐकू येऊन राहिले," पुष्पाबाई म्हणाली. पण तोवर ठरावाला अनुमोदन मिळाले होते.

प्रस्ताव झकास झाला. 'कीर्तन' शब्द धार्मिक ठरून अडचण होईल, म्हणून दिवाकरने त्याचे 'श्राव्य माध्यमाद्वारे सामुदायिक वर्तनबदल' असे केले. बुवा 'आशय पुरवठादार' झाले. पेटीवाले रामकृष्णजी 'तांत्रिक सहाय्य' झाले आणि त्या दिवसापासून जरा ताठ बसू लागले. प्रस्ताव वाचून दाखवला तेव्हा बुवा हात जोडून म्हणाले, "छान आहे. कोणाचं आहे हे?"

योजनेच्या कार्यालयात पटैरियाजी नावाचे अधिकारी होते. माणूस गोड. आम्हाला चहा पाजला, स्वतः रामायणाचे भक्त असल्याचे सांगितले आणि मग प्रस्ताव बाजूला सरकवला.

"भैया, एक बात बताइए। ये कीर्तन लोग अभी सुन रहे हैं कि नहीं?"

"सुन रहे हैं जी! हर गुरुवार, हॉल फुल," शालिग्रामजी अभिमानाने म्हणाले.

पटैरियाजींनी दुःखाने मान हलवली. "तो फिर लाभ तो मिल ही रहा है। निधि काहे के लिए? योजना तो वंचितों के लिए है।"

मुद्दा बिनतोड होता. हॉल भरत होता, हाच आमच्या प्रस्तावातला मोठा दोष होता. परतताना ऑटोत दिवाकरने तोड काढली. गुरुवारची कीर्तने बंद ठेवायची. श्रोत्यांना कीर्तन मिळेनासे झाले की ते वंचित होतील आणि मग सर्वेक्षणात वंचितांची कमतरता राहणार नाही.

"अन् बुवांच्या गळ्यालाही तेवढीच विश्रांती," शालिग्रामजी म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते.

गुरुवार बंद झाले. सर्वेक्षण झाले. 'आपणास मागील काळात कीर्तन ऐकावयास मिळाले काय?' या प्रश्नाला घमापुरातल्या घराघरातून 'नाही' असे उत्तर आले. म्हाताऱ्या पार्वताबाई तर सांगताना रडल्या. दिवाकरने तो रडण्याचा फोटो प्रस्तावाला जोडला आणि पटैरियाजी म्हणाले, "अब आई बात में जान।"

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक अट समजावली. मंजुरीपूर्वी सुरू झालेल्या कामाला निधी देता येत नाही. काम शून्यापासून सुरू व्हायला हवे. "रिकॉर्डिंग तो नहीं की है न आप लोगों ने?"

शालिग्रामजींचा चेहरा उतरला. फॅक्टरीत शिक्क्याआधी पेटी फोडलेली सापडली की उतरत असे, तसा. संध्याकाळी तातडीची सभा भरली आणि पुष्पाबाईला फोन घेऊन बोलावण्यात आले.

"काहून पुसू मी?" ती म्हणाली. "चोरी केली का? माझ्याच सासऱ्याचा आवाज आहे न!"

"पुष्पाताई, चोरी नाही, पण काम मंजुरीआधी सुरू झाल्याचा पुरावा आहे तो," शालिग्रामजींनी समजूत घातली. "तुमच्या एका फोनपायी अख्ख्या समाजाचा लाभ अडकून राहिला आहे."

"समाज गुरुवारी इथंच तर बसत होता, त्याले तुम्हीच घरी धाडलं."

बुवा कोपऱ्यात बसून होते. ते हळूच म्हणाले, "पूस बाई. मंडळ म्हणतंय तर पूस. मी आहे न अजून."

तिने सर्वांसमक्ष ते पुसले. फोनमध्ये पुसलेल्या गोष्टी काही काळ वेगळ्या कप्प्यात शिल्लक राहतात, हे दिवाकरला ठाऊक होते. त्याने तो कप्पाही उघडून रिकामा करून दिला. शालिग्रामजींनी मान डोलावली. सवयीने आम्ही प्रसादाच्या वाटपाची वाट पाहिली, पण त्या दिवशी तो केलेला नव्हता.

मंजुरी आली. आम्ही पेढे वाटले. मग पत्र नीट वाचले. पहिल्या टप्प्यात ॲप, प्रशिक्षण आणि जनजागृती. ध्वनिमुद्रण दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्याचा लाभ लोकांना मिळाल्याचे सिद्ध झाल्यावर.

"पण आवाजाशिवाय ॲपमध्ये असेल काय?" रामकृष्णजींनी विचारले. दिवाकर हसला. आवाज हा ॲपचा फार लहान भाग असतो, असे त्याने सांगितले.

आणि खरेच, ॲप पाहून डोळ्यांचे पारणे फिटले. उघडल्याबरोबर चिपळ्यांचे चित्र डोलायचे. पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावून हार घालायची आपली रीत आहे, म्हणून 'बुक्का लावा' असे काळे बटण होते. ते दाबले की पडद्यावरच्या कोऱ्या कपाळावर ठिपका उमटे. हाराचे बटण होते, आरतीच्या ताटाचे होते, गजराला टाळी द्यायचे होते. कीर्तन कसे वाटले, हे ताऱ्यांनी कळवायची सोय होती. 'श्रवण' नावाच्या बटणावर मात्र 'लवकरच' असे लिहिले होते.

प्रशिक्षण वर्गांना गर्दी झाली. गुरुवारची संध्याकाळ मोकळी होती आणि सवय जात नव्हती. पार्वताबाई थरथरत्या बोटाने बुक्का लावायला शिकल्या आणि मग फोन कानाला लावून बसल्या.

"काही ऐकू येऊन नाही राहिलं रे," त्या म्हणाल्या.

"आजी, अजून ऐकायचं नाही. आत्ता फक्त वापरायचं," शिकवणारा म्हणाला.

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बुक्का लावला.

इकडे बुवांचा गळा दर आठवड्याला जड होत चालला होता. पुष्पाबाई एकदा शालिग्रामजींच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊजी, बाबा भिंतीकडे तोंड करून गुणगुणत राहतात. त्यांले भीती वाटते, ओ विसरतो का म्हणून. एकदा तरी मोकळं गाऊ द्या न त्यांले. मी फोन घरी ठेवून येते, बाप्पा, शपथ!"

शालिग्रामजींचे डोळे पाणावले. चाळीसेक वर्षे त्यांनी बुवांच्या समोर बसून ते आख्यान ऐकले होते. पण आमचा अध्यक्ष नियमाचा माणूस. त्यांनी दिवाकरला फोन लावला, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "गुणगुणणं चालते. शब्द नको. शब्द म्हणजे आशय होतो."

दिवाळी जवळ आली तसे आम्ही सगळे पटैरियाजींकडे गेलो. दुसरा टप्पा लवकर द्या, आवाज जाणार आहे, असे हात जोडून सांगितले. त्यांनी खूप आस्थेने ऐकून घेतले.

"मैं तो आज कर दूँ। पर पहले चरण का लाभ सिद्ध होना चाहिए। लाभार्थी कम हैं अभी।" मग एकदम सुचल्यासारखे म्हणाले, "ऑपरेशन आगे नहीं बढ़ सकता क्या?"

आम्ही डॉक्टरांना विचारून पाहिले. त्यांनी आम्हाला दवाखान्याबाहेर काढले. त्यांच्याकडे समाजलाभाची दृष्टी नव्हती.

ऑपरेशन झाले. गाठ पूर्ण निघाली. बुवा वाचले, याबद्दल देवाचे उपकार मानावे तेवढे थोडे. ते पाणी मागतात, सुनेला हाक मारतात. आवाज कोरड्या पानासारखा निघतो, पण कळते.

त्या काळात आम्ही लाभार्थी वाढवायच्या मागे होतो. नागपूरच्या, भंडाऱ्याच्या नातेवाइकांनी ॲप घेतले. ज्यांना मराठी येत नाही त्या मुलांनी घेतले, कारण बुक्क्याच्या बटणात त्यांना खेळ सापडला. एकाच कपाळावर किती ठिपके मावतात, याची त्यांच्यात चुरस लागली. प्रत्येक ठिपका एक लाभ म्हणून नोंदला जात होता. पहिल्या टप्प्याचे यश इतके डोळ्यांत भरले की योजनेतला सर्वांत लोकाभिमुख प्रकल्प म्हणून आमचा सत्कार जाहीर झाला. ध्वनिमुद्रणाची मंजुरीही त्याच समारंभात मिळणार होती.

समारंभाला मंच होता, दिवे होते, मोठा पडदा होता. बुवांना मध्यभागी बसवले. पटैरियाजींनी त्यांना स्वतःच्या हाताने हार घातला आणि खराखुरा बुक्का लावला. दुसऱ्या टप्प्याचे मंजुरीपत्र शालिग्रामजींच्या हाती दिले. सभागृहाने ॲपवरून टाळ्या दिल्या. मग सूत्रसंचालकांनी विनंती केली की आशय पुरवठादारांनी दोन ओळी ऐकवाव्यात.

पुष्पाबाई पहिल्या रांगेतून ओरडली, "अहो, ऑपरेशन झालं न त्यांचं!" पण ध्वनिक्षेपक तिच्याकडे नव्हता.

बुवा उठले. त्यांनी चिपळ्या घेतल्या, डोळे मिटले. नावाड्याची हाक त्यांना बहुधा आत कुठेतरी ऐकू आली असावी, कारण ते काठावर उभे राहिल्यासारखे जरा पुढे झुकले, हात कानाशी नेला आणि ओ द्यायला तोंड उघडले.

नुसता वारा आला.

तोंड उघडेच होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. कुठेच काही उमटत नव्हते. मग सभागृहात असे दृश्य दिसले, जे त्या आख्यानाच्या इतक्या वर्षांत कधी दिसले नव्हते. प्रत्येकाचा फोन वर होता. शालिग्रामजींचा, रामकृष्णजींचा, दिवाकरचा, पार्वताबाईंचासुद्धा. सगळे भरून घेत होते. आता मंजुरी होती.

एकट्या पुष्पाबाईचा फोन मांडीवर पालथा होता. ती उभी राहिली आणि भर सभेत तिने ओ दिली. बेसूर, घोगरी, स्वयंपाकघरातून द्यावी तशी. बुवांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिले आणि खाली बसले. रेकॉर्डिंगमध्ये मधेच येणारा हा अडथळा दिवाकरने नंतर काढून टाकला.

उरलेले आता 'श्रवण' या बटणावर उपलब्ध आहे. 'लवकरच' हा शब्द काढला आहे. ऐकणाऱ्यांनी भरपूर तारे दिले आहेत. आवाज येत नाही अशी तक्रार काहीजण करतात, त्यांना फोनचा आवाज वाढवून पाहण्यास कळवले जाते. पार्वताबाई दर गुरुवारी फोन कानाला लावून बसतात. त्यांना काहीतरी ऐकू येते म्हणे.

आपणही ही हकिकत इथवर वाचलीत, म्हणजे आपली गणना लाभार्थ्यांत झालीच. आपल्याही घरात असा एखादा आवाज असेल. वाती वळताना आजी काहीतरी म्हणत असेल, जे तिच्याशिवाय कोणाला येत नाही. फोन तर आत्ताही आपल्या हातात आहे. पण कृपा करून घाई करू नका. योजनेचा पुढचा टप्पा जाहीर व्हायचा आहे, आणि आधी सुरू झालेल्या कामाला निधी मिळत नाही.