मॉड मॅनेजरची नेमणूक

मानोऱ्याच्या भूमिजा कृषियंत्र प्रशिक्षण केंद्रात बायकांना ट्रॅक्टर शिकवला जात असे. ट्रॅक्टर मंजूर झाला होता, फक्त आलेला नव्हता. तोवर शेतीच्या एका परदेशी व्हिडिओ गेमवर सराव करून घ्यावा, असा लेखी आदेश होता आणि शिकवणारी पौर्णिमा तो सहा कॉम्प्युटरवर इमानेइतबारे पाळत होती.

गेममध्ये गहू होता, मका होता आणि डिसेंबरात गुडघाभर बर्फ पडत होतं. पहिल्याच दिवशी शिकायला आलेल्या गोजराबाई स्टिअरिंग सोडून मागे वळल्या.

"बाई, याच्यात सोयाबीन काहून नाई? आन् हे पांढरं काय पडून राह्यलं? कापूस हाय का?"

पौर्णिमाने शोधाशोध केली. मॉड म्हणजे मूळ गेमला बाहेरून जोडायची फाईल. जऊळक्याच्या एका हौशी मास्तरांनी असे तीन मॉड बनवून इंटरनेटवर फुकट ठेवले होते : एकात काळी माती, दुसऱ्यात सोयाबीन, तिसऱ्यात पिकात घुसणारे रोही, म्हणजे नीलगायी. तिने ते उतरवून गेमच्या फोल्डरमध्ये हाताने टाकले. दोन मिनिटांचं काम. पडद्यावर रोही दिसला तेव्हा गोजराबाईंनी सवयीने चप्पल उगारली.

अडचण एकच होती. फायलींचा क्रम चुकवून चालत नसे. माती आधी, मग सोयाबीन, मग रोही. गेमची नवी आवृत्ती आली की सहाही कॉम्प्युटरवर पहिल्यापासून सगळं करावं लागे. त्यासाठी मॉड मॅनेजर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. ते क्रम लावतं आणि एकमेकांशी न पटणारे मॉड दाखवून देतं. पौर्णिमाने केंद्रप्रभारी पंजाबरावांना एका ओळीचा अर्ज दिला : ‘केंद्रात मॉड मॅनेजर बसवण्यास परवानगी मिळावी.’

पंजाबराव अकरा वर्षं प्रभारीच होते. ‘मॅनेजर’ हा शब्द त्यांनी तीनदा वाचला.

"मॅनेजर बसवाचा? आन् मंग मी कायले बसलो इथं?"

"सर, माणूस नाही. सॉफ्टवेअर आहे."

"नाव मॅनेजर हाय ना? मंग पद हाय. पद हाय तं वरून मंजुरी पायजे."

अर्ज वाशीमला जिल्हा कार्यालयात गेला. तीन आठवड्यांनी मंजुरी आली आणि पाठोपाठ दुपारच्या बसने, नेमणुकीचं पत्र घेऊन, जगदेव आले. ते पूर्वी एका योजनेचे मॅनेजर होते. योजना बंद पडली होती, मॅनेजर चालू होते. कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता, पण तशी अटही कुठे नव्हती. त्यांचं टेबल मांडायला दोन कॉम्प्युटर हलवावे लागले.

पहिला आदेश त्याच संध्याकाळी निघाला : ‘कोणताही मॉड परस्पर व हाताने टाकू नये.’ आधी टाकलेले काढण्यात आले. प्रत्येक मॉडसाठी तीन प्रतींत अर्ज, रोह्याला वेगळं ना-हरकत पत्र आणि मातीला सातबारा. महिनाभर बायका पुन्हा बर्फात नांगरत राहिल्या.

अखेर तिन्ही मॉड मंजूर झाले. जगदेवांनी त्यांचा क्रम सेवाज्येष्ठतेने लावला. रोह्याला कुणाचीच हरकत नसल्यामुळे तो आधी मंजूर झाला, म्हणून पहिला. सोयाबीन दुसरं. सातबाऱ्यासाठी रखडलेली माती शेवटी.

"सर, माती आधी लागते," पौर्णिमा म्हणाली.

"मातीनं कागद वेळेवर द्याले पायजे होते. नियम सर्व्याईले सारखा."

त्यामुळे सोयाबीन जमिनीच्या चार फूट वर उगवलं. रोही त्याच्याही वर, आकाशात पाय हलवत राहिले. ट्रॅक्टर मातीत बुडाला. बाहेर फक्त सायलेन्सर उरला.

सोमवारी वाशीमहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी प्रमाणपत्रं दिली की बायकांना शेतीची यंत्रं भाड्याने देणाऱ्या अवजार बँकेत ट्रॅक्टर चालवायचं काम मिळणार होतं. गोजराबाई घरी भांडून इथवर आल्या होत्या.

"बाई, सोमवारी ट्रॅक्टर बुडाला तं माह्या घरचे हासतीन. मले तोंड दाखवाले जागा नाई राहाची."

पौर्णिमा सोमवारी तासभर आधी आली आणि फायली हाताने नीट लावून मोकळी झाली. दोन मिनिटं. सोयाबीन मातीत, ट्रॅक्टर मातीवर. दहाला जगदेव आले आणि पडदा पाहून पांढरे पडले.

"हे चालून काहून राह्यलं?"

‘अनधिकृत सुरळीतपणा’ या कारणाखाली पौर्णिमाला नोटीस मिळाली. नव्या क्रमाला जावक क्रमांक नसल्यामुळे जुना क्रम पूर्ववत करण्यात आला.

अकराला साहेब आले. गोजराबाईंनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर बुडाला. साहेब पडद्याजवळ वाकले.

"हे पीक वर का आहे?"

गोजराबाई चिडल्या होत्या, ओठांवर आलं ते बोलून गेल्या, "वरतं पेरलं साहेब, म्हंजे मातीतली हुमणी अळी लागत नाई."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि ट्रॅक्टर?"

"खालून जाते, सर," जगदेव म्हणाले. "पिकाले धक्का नाई."

साहेबांनी सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगितलं : हुमणी नाही, पाणी साचत नाही, मातीची गरज नाही. पंधरवड्यात ‘अधांतरी सोयाबीन’ अनुदान योजना जाहीर झाली. जगदेवांच्या हाताखाली दोन उपव्यवस्थापक आले. बायकांना ‘भूमिगत ट्रॅक्टरचालक’ अशी प्रमाणपत्रं मिळाली.

गोजराबाई ते घेऊन अवजार बँकेत गेल्या. तिथल्या माणसाने कागद उलटसुलट पाहिला. "मावशी, आमचा ट्रॅक्टर जमिनीवरून चालते. तुमी याच्यात बसत नाई." गोजराबाई पायीच परत निघाल्या.

नोटिशीचा खुलासा अमान्य झाला, तेव्हा शिक्षा म्हणून पौर्णिमाला योजनेचे अर्ज लावायला बसवलं. गठ्ठेच्या गठ्ठे येत होते. शेती असलेल्यांचे होते, नसलेल्यांचेही होते. वकील, मास्तर, डॉक्टर, पेपरात सरकारला झोडपणारे, असल्या गोष्टी वाचून पोट धरून हसणारे. अर्जाच्या तळाशी सहीची एक चौकट होती : ‘योजना वाचली व समजली.’ एकानेही ती रिकामी सोडलेली नव्हती.

पौर्णिमाने एकूण एक सह्या तपासल्या. तुमची जरा घाईत केलेली दिसते.