वाफ्याला हात लावायचा नाही

“ह्या हंगामात वाफ्याला तू हात लावायचा नाहीस!” असं तिने जेवता जेवता नवऱ्याला बजावलं, आणि नेमकं त्याच क्षणी, तेवढ्याच मोठ्या आवाजात, नवऱ्यानेही तिला तेच बजावलं. मग दोघं एकदम गप्प झाली. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याने मुकाट्याने ऐकलं, असा दोघांनीही सोयीस्कर अर्थ काढला, आणि त्या ताटावरच अबोला सुरू झाला.

भांडण टोमॅटोवरून होतं. मागच्या हंगामात गच्चीवरच्या वाफ्यातले टोमॅटो उभ्या उभ्या करपले होते. तू खत जास्त घातलंस म्हणून, असं तिचं म्हणणं. तू पाणी घालायला विसरलीस म्हणून, असं त्याचं. टोमॅटो कधीच गेले होते, तरी भांडण टवटवीत होतं.

ती ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून, गाडी दुभाजकावर घालणाऱ्या माणसाला “छान, आता जरा डावीकडे घ्या हं,” असं गोड आवाजात सांगायचं, हे तिचं काम. सगळी इमारत तिला ब्रेकबाई म्हणायची. दिवसभरात गिळलेला राग ती संध्याकाळी वर जाऊन खुरप्याने मातीत उतरवायची. विटांचा तो हातभर रुंद, पुरुषभर लांब वाफा नसता तर तिने आजवर कोणाचा तरी जीव घेतला असता, आणि बहुधा तो घरातल्याच माणसाचा असता.

आणि आता त्या वाफ्यावरच संक्रांत आली होती. गच्चीच्या खालच्याच मजल्यावर सेक्रेटरी राहायचे. “माझ्या छतातून एक थेंब, ऐका, एक थेंब जरी पडला, तरी गवंडी बोलावून तुमचा वाफा फोडीन,” असं त्यांनी जिन्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगून टाकलं होतं. म्हणून तिने पाण्याचा हिशोब बसवला. रोज एक झारी, थेंबभर जास्त नाही.

हंगाम तोंडावर होता. तिने संध्याकाळी माती उलटीपालटी केली, ढेकळं फोडली, शेणखत मिसळलं, फळीने सगळं सपाट केलं आणि दोरी लावून सरळ ओळीत भिजवलेली भेंडी टोचली. रस्त्यावरचे पट्टेसुद्धा इतके सरळ नसतात, असं स्वतःशी म्हणून ती खूश होऊन खाली आली.

दुसऱ्या संध्याकाळी वर जाऊन बघते तर ओळी गायब! सगळा वाफा उकरलेला, आणि त्यात गोल गोल आळी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भेंडीचे दाणे मातीत कुठे कुठे विखुरलेले. तिने आळी बुजवली, माती सपाट केली, पुन्हा दोरी लावली, पुन्हा भेंडी टोचली. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा आळी!

“आई,” खाली येऊन तिने सासूबाईंना विचारलं, “सेक्रेटरी वर जातात का हो?”

सासूबाई टीव्ही बघत होत्या. “जातात की. टाकी बघायला जातात.”

“कधी?”

“सकाळी.”

झालं! तिच्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. ओल कुठून येते ते बघायला हा माणूस रोज सकाळी आपला वाफा उकरतो. वर तोंड करून धमक्याही देतो. थांबा म्हणावं!

तळमजल्यावर कोणीतरी गुलाब छाटले होते. त्या काट्या तिने गोळा केल्या आणि मातीच्या वरच्या थराखाली नीट पुरल्या. दुसऱ्या दिवशी काट्या उपसून बाजूला फेकलेल्या होत्या. त्यातल्या एकीवर रक्ताचा डाग बघून तिला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी चढावर दोनदा गाडी बंद पाडणाऱ्या शेवटच्या शिकाऊ माणसाला माफ केल्याचं सार्थक झालं.

रात्री नवरा दुकानातून आला. तो चष्मे बनवायचा, स्वतःला समोरचं दिसत नसलं तरी. आज त्याच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. काच लागली असणार. काय झालं ते विचारावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण विचारलं की अबोला मोडला, आणि आधी मोडला तो हरला. ती म्हणाली, “आई, कोणाला भात हवा असेल तर वाढून घ्यायला सांगा. मला उठवत नाही.”

“भात घे रे,” सासूबाईंनी निरोप पोचवला.

“तिला सांग, मला नको.”

“नको म्हणतोय.”

“मरू दे,” ती म्हणाली. हा निरोप सासूबाईंनी पोचवला नाही.

पण दुसऱ्या दिवशी तर हद्द झाली. तिने वाफ्यात खुरपं घातलं मात्र, मातीतून लालभडक धूळ उठली आणि नाका-डोळ्यांत गेली. तिखट! त्या सेक्रेटरीने वाफ्यात चक्क तिखट पसरलं होतं! शिंकून शिंकून ती गच्चीच्या कठड्याला धरून बसली. जेवायच्या वेळेपर्यंत डोळे गळतच होते. त्यात नवऱ्याने कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच पाण्याचा पेला हळूच तिच्याकडे सरकवला. वर तोंडावर एक समजूतदार भाव. त्या भावाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पेला तिने तसाच परत सरकवला.

आणि त्या रविवारी सकाळीच सेक्रेटरींचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. “वर या! सगळे वर या! लोकांचं छत पावसाळ्यात गळतं, माझं उन्हात गळतंय! नव्या सोफ्यावर!”

अर्धी इमारत गच्चीवर गेली. तीही गेली, आणि नुसती गेली नाही, पदर खोचून गेली. नवराही मागून आला. सेक्रेटरी वाफ्याजवळ उभे होते, हातात सोफ्याची ओली उशी.

“ही बघा! पिळून दाखवू? उद्या गवंडी येतोय. वाफा फुटणार म्हणजे फुटणार!”

“वाफ्याला हात तर लावून बघा!” ती कडाडली. दिवसभर गोड बोलण्यासाठी दाबलेला सगळा आवाज एकदम बाहेर पडला. “आधी हे सांगा, रोज सकाळी येऊन माझ्या ओळी कोण उकरतं?”

“आणि रोज माझी आळी कोण बुजवतं?” तिच्या शेजारून नवराही सेक्रेटरींवर तेवढ्याच जोरात ओरडला. “काकडी लावून लावून माझं बी संपलं! वर मातीत काटे पुरता? लाज नाही वाटत?”

“आणि तिखट टाकता?” ती.

“आणि...” नवरा पुढे बोलणार होता, पण थांबला.

सेक्रेटरींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग उशी काखेत धरून शांतपणे विचारलं, “वहिनी, तुम्ही पाणी किती घालता?”

“एक झारी. संध्याकाळी.”

“आणि तुम्ही?”

“एक झारी,” नवऱ्याचा आवाज आता बराच खाली आला होता. “सकाळी. ही क्लासला गेली की.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तिने मान वळवली, कितीतरी दिवसांनी सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि अबोला मोडला.

“तिखट तू टाकलंस?”

“काटे तू पुरलेस?”

“मी आंधळी झाले असते!”

“मला वाटलं तू रडतेयस! म्हटलं, पश्चात्ताप झाला असेल, म्हणून पाणी दिलं!”

“पश्चात्ताप? मला? तुला वाफ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

“मीही तेच सांगितलं होतं! तू गप्प बसलीस!”

“मी गप्प बसले म्हणजे चिडले होते!”

“मग मी काय खुशीत गप्प होतो?”

सेक्रेटरींनी उशी वाफ्याच्या कडेवर आपटली. “पुरे! एक अट सांगतो. वाफा एक, माणूस एक. दोघांपैकी कोण करणार ते आत्ताच्या आत्ता ठरवा, नाहीतर गवंडी.”

“मी!” ती म्हणाली.

“मी!” तो म्हणाला.

“भेंडीला काय लागतं ते तरी माहीत आहे का तुला?”

“टोमॅटो कोणी मारले?”

“खताने मेले!”

“तहानेने मेले!”

सेक्रेटरींनी खिशातून मोबाईल काढला आणि गवंड्याचा नंबर शोधायला लागले. आता खरंच जातोय वाफा. पण तिचं तोंड थांबेना, आणि नवऱ्याचंही थांबेना.

“मी करते,” जिन्याच्या दारातून आवाज आला.

सासूबाई सावकाश चालत आल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. “सकाळी एक तांब्या पाणी घालीन. थेंब पडला तर मला सांगा.”

“आई, तुम्हाला जिना चढवत नाही!” ती म्हणाली.

“चढले ना आता?”

सेक्रेटरींनी मोबाईल खिशात टाकला. “आजी, तुमच्या नावावर असेल तर वाफा राहील. ह्या दोघांच्या नावावर मी कुंडीसुद्धा ठेवू देणार नाही.” आणि उशी घेऊन ते खाली गेले. करमणूक संपली तशी बाकीची मंडळीही गेली.

ती सासूबाईंसमोर येऊन उभी राहिली. “आई, तुम्हाला सगळं माहीत होतं?”

“होतं की. हा सकाळी चिखलाचे पाय घेऊन खाली यायचा, तू संध्याकाळी.”

“मग सांगितलं का नाही? मी विचारलं होतं तुम्हाला!”

“तू सेक्रेटरींचं विचारलंस. मी सेक्रेटरींचं सांगितलं.”

“अगं आई, पण मला तरी...” नवरा म्हणाला.

“तू काहीच विचारलं नाहीस. आणि खरं सांगू? किती दिवसांनी घरात मला सिरियल नीट ऐकू येत होती.” सासूबाईंनी वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चुरली. “माती मात्र छान झालीय. दोघांनी मिळून खणली की अशी होते.”

“लावणार काय?” तिने दात-ओठ खात विचारलं.

“दोडका.”

“दोडका?” दोघं एकदम ओरडली. त्या घरात दोडक्याला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

“मला आवडतो. तुझी भेंडी, त्याची काकडी, तुमचे ते टोमॅटो. मला काय हवं, ते कोणी विचारलं कधी?” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “तू मांडवाला काठ्या आण रे. आणि तू ती भेंडी नि काकडी निवडून काढ. माझ्या वाफ्यात दुसरं काही नको.”

संध्याकाळपर्यंत दोघं वर राबली. काठ्या बांधताना, दाणे वेचताना दोघांनाही भयंकर राग येत होता, आणि विशेष म्हणजे तो एकमेकांचा नव्हता. खाली येऊन त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

“आजपासून आईंशी बोलायचं नाही,” ती म्हणाली.

“अजिबात नाही,” तो म्हणाला. “एक शब्द नाही.”

“आधी जो बोलेल तो...”

“कोणीच बोलायचं नाही!”

दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसून राहिली, घुश्शात. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, आणि सासूबाई मधूनच हसत होत्या.

“ऐक,” ती हळूच म्हणाली, “आपण अबोला धरलाय, हे त्यांना कळलंय ना?”

“कळलेलं दिसत नाही.”

“मग सांगायला नको?”

“सांगायला हवंच. पण कोण सांगणार?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरातले असले निरोप आजवर आईच पोचवत आल्या होत्या.