बुधवारचा कौल

मिरजगावच्या श्री माळाई मसाले उद्योगात अधिकृतरीत्या नऊ कामगार होते. प्रत्यक्षात बावीस होते. हा फरक कुणाला खटकत नव्हता. कागदावर दहावा कामगार आला की आरोग्य विम्याचा कायदा लागू होतो, आणि कायदा काही पाहुण्यासारखा चहा पिऊन उठून जात नाही, असं आमचे मालक कारभारीशेठ यांचं मत होतं. हजेरीपट मी लिहायचो. उरलेल्या तेरा जणांना मी 'येणारे-जाणारे' या सदरात ठेवलं होतं. त्यांतली मनकर्णा गेली चौदा वर्षं रोज सकाळी येत होती आणि रोज संध्याकाळी जात होती. तेव्हा नोंद चुकीची होती असं कुणी म्हणू नये.

माझं नाव अवधूत, हुद्दा दिवाणजी. अर्जाच्या मसुद्यात अख्ख्या कर्जत तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी म्हणत नाही, तहसील कचेरीबाहेरचे टायपिस्ट म्हणतात. आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं खापर गावात माझ्यावर फोडतात.

घोळ केला तो फोटोनं. शेठना 'आदर्श उद्योजक' पुरस्कार मिळाला आणि नगरच्या पेपरात रंगीत फोटो छापून आला. खाली ओळ होती, 'आपल्या बावीस जणांच्या कुटुंबासमवेत कारभारीशेठ'. ओळ माझीच. 'कामगार' म्हटलं की कोरडं वाटतं, 'कुटुंब' म्हटलं की भारदस्त वाटतं. आठ दिवसांत नगरच्या विमा कार्यालयाची नोटीस आली. फोटोतील डोकी मोजली असता मालक वगळून बावीस भरतात, सबब सर्वांची नोंदणी का केली नाही याचा खुलासा सात दिवसांत करावा.

शेठ लाल मिरचीसारखे झाले. "दिवानजी, ह्यो फोटो छापायचं कुनी सांगितलं हुतं?"

"आपणच, शेठ. चौकट मोठी घ्या म्हणालात."

"ते ऱ्हाऊ द्या. पर विमा मंजी काय वो? मानसाला कायतरी हुनार, असं आधीच धरून चालायचं. मंजी माळाईवर भरवसा न्हाई, असंच झालं की! आमच्या धर्मात ह्ये बसत न्हाई. लिवा तसं."

शेठ भाविक आहेत, यात शंका नाही. माळावरच्या माळाईला कौल लावल्याशिवाय ते धण्याचं नवं पोतंही उसवत नाहीत. कौल म्हणजे असं, की सहादेव गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्यात देवीच्या डाव्या हाताला भिंतीवरचा पंखा आहे, शेठनीच अर्पण केलेला. तो चालू असला की डावी कळी लवकर वाळते आणि आधी पडते. मंगळवारी दुरुस्तीसाठी गावाची लाईट बंद असते. पंखाही बंद असतो. मग कौल बहुधा उजवा येतो, कारण गळणाऱ्या पन्हाळीमुळे त्या बाजूची जमीन खचून मूर्ती जरा उजवीकडे कललेली आहे. शेठना नवा टेम्पो घ्यायचा होता तेव्हा ते मंगळवारी गेले होते. कामगारांनी दिवाळीचा बोनस मागितला तेव्हा बुधवारी गेले. पंख्याचा आणि देवीच्या मर्जीचा संबंध जोडणारा मी कोण?

विम्याचा कौल बुधवारी लावला. डावी कळी पाच मिनिटांत खाली. शेठनी हात जोडले, आणि मी त्याच दुपारी मसुद्याला बसलो.

तो मसुदा म्हणजे माझ्या नोकरीतलं सर्वोत्तम काम. 'अर्जदार, त्याचे कुटुंबीय, पूर्वज व वंशज, तसेच अर्जदाराच्या मालकीची सर्व वाहने, गोदामे व जनावरे यांच्या वतीने नम्र निवेदन की, कोणत्याही स्वरूपाचा विमा हा माळाईवरील अविश्वास असल्याने तो आम्हांस सर्वस्वी निषिद्ध आहे.' वाचून दाखवलं तेव्हा शेठनी उपरण्यानं डोळे टिपले आणि सही केली.

त्याच आठवड्यात मनकर्णा माझ्या टेबलापाशी आली. तिला आधी कधी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ती चौदा वर्षं मिरच्यांचे देठ खुडत बसलेलीच असते. पोटावर हात दाबून धरला होता.

"दिवानजी, जामखेडच्या डागदरानं पोटाचा फोटू काढला. पित्ताच्या पिशवीत खडं हायेत म्हनला. पिशवी काढावी लागंल, लई दिस थांबू नका म्हनला. विम्याचं कार्ड आसंल तर फुकाट हुतंय. आपलं कार्ड कवा येनार?"

"बाई, प्रकरण श्रद्धेच्या पातळीवर विचाराधीन आहे."

"मंजी कवा?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? ही मनकर्णा काही परकी नव्हे. माझ्या घरी धुणंभांडी करते ती दगडाबाई हिची सख्खी नणंद. पण नुसतं वाईट वाटून कुणाचं ऑपरेशन होत नाही, आणि मसुदा तर रवाना झाला होता.

अर्ज परत आला, कारण शिक्क्यावर जिल्ह्याचं जुनं नाव होतं. नवा शिक्का करून पाठवला. पुन्हा परत आला. 'धार्मिक हरकत नोंदवली. तथापि कामगारांच्या आरोग्याची पर्यायी व्यवस्था काय, हे नमूद नाही.' शेठ म्हणाले, "हाय की! अंगारा हाय." त्या दिवसापासून कारखान्यात पाळी सुरू होताना प्रत्येकाला माळाईचा एक चिमूट अंगारा मिळू लागला. मी त्याचं रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक, नाव, तक्रार, चिमटी, गुण आला किंवा कसे, अंगठा. तक्रार मोठी म्हणून मनकर्णाच्या नावापुढे सलग दहा दिवस चार-चार चिमटी आहेत. गुणाच्या सदरात ती रोज "न्हाई" म्हणायची. मी रोज 'प्रतीक्षेत' लिहायचो.

मग तपासणीला विमा कार्यालयाच्या यामिनी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, आवाज हळू आणि चेहऱ्यावर हसू नाही. मला असल्या अधिकाऱ्यांची फार भीती वाटते. हसणारा अधिकारी चहावर मिटतो. मॅडमनी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं.

"अंगाऱ्याची मुदत किती?"

"देवीच्या वस्तूला मुदत नसते, मॅडम."

"साठा कुठे ठेवता?"

"गोदामात. हळदीशेजारी."

"हळदीत मिसळला तर?"

"तर हळदीला गुण येईल," मी म्हणालो. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी आदेश आला. हरकत मंजूर! शेठनी कारखान्यात पेढे वाटले. मनकर्णानं पेढा घेतला नाही, तिला तेलतुपाचं बंद होतं. मी आदेशाचं दुसरं पान उलटलं आणि माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

'अर्जदाराच्या श्रद्धेचा पूर्ण आदर राखून कळविण्यात येते की, अर्जदाराच्याच कथनानुसार सदर श्रद्धा कुटुंबीय, वाहने, गोदामे व जनावरे यांना सारखीच लागू आहे. सबब त्या सर्वांच्या विमा पॉलिश्या पंधरा दिवसांत बंद करून दाखले जोडावेत. अन्यथा श्रद्धा अपुरी समजून सवलत रद्द होईल.'

बंद करायच्या पॉलिश्यांमध्ये दोन टेम्पो होते, गोदाम होतं, चार जर्सी गाई होत्या, आणि शेठची स्वतःची आरोग्य पॉलिसी होती. तिच्यावर गेल्या वर्षी पुण्यात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते.

"दिवानजी!" शेठ छातीला हात लावून खुर्चीत बसले. "माज्या छातीत दोन जाळ्या हायेत! आन् तुमी माजाच विमा माळाईला वाहून मोकळं झाला?"

"अर्जाला वजन यावं म्हणून, शेठ."

"वजन! टेम्पो बिगरविम्याचा रस्त्यावर काढला तर पोलीस धरत्यात. माल काय डोक्यावर न्यायचा? आन् ह्यात पूर्वज कशाला घातलं?"

"त्यांना आता काही धोका नाही, शेठ."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. तिसरा दिवस मंगळवार होता. अंघोळ करून ते माळावर गेले आणि मालकाच्या स्वतःच्या, वाहनांच्या व जनावरांच्या विम्याला देवीची संमती आहे का, असा नवा कौल लावला. उजवा आला. देवीनं दुरुस्ती केली, असं मी तारीखवार लिहून कळवलं.

मॅडमचं उत्तर उलट टपाली आलं. एकाच देवीचे एकाच विषयावर दोन अभिप्राय आढळतात. बुधवारी विमा निषिद्ध, मंगळवारी गाईंना चालतो आणि बायांना चालत नाही. सबब प्रत्यक्ष स्थळी, कार्यालयाच्या उपस्थितीत, अखेरचा कौल घेण्यात यावा. वार ठरवायला त्या स्वतः आल्या.

"बुधवारी या," शेठ घाईनं म्हणाले. "बुधवार लई चांगला."

"बुधवारी मला जामखेडला सुनावणी आहे. पुढचा बुधवार चालेल."

पुढचा बुधवार म्हणजे अजून बारा दिवस. मनकर्णा चहाचे कप घेऊन आली होती. कप ठेवताना ती मधेच थांबली, टेबलाची कड धरली, ओठ आवळले. कळ गेल्यावर सरळ झाली.

"मॅडम, मंगळवारी या," ती म्हणाली. "देवीचा वार मंगळवार. शेठ सवताच्या कामाला मंगळवारीच जात्यात. बुधवारी जात्यात ते आमच्या कामाला."

मॅडमनी आमच्या दोन्ही पत्रांवरच्या तारखा काढल्या, समोरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. शेठ कॅलेंडरकडे बघत होते. मी चहाकडे.

"मंगळवारी, सकाळी दहा," मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी अख्खा कारखाना माळावर होता. सहादेव गुरवानं कळ्या लावल्या, मग शेठच्या डोळ्यांचा इशारा ओळखून, एखादे वेळी लाईट असेलही या आशेवर पंख्याचं बटण दाबलं. पंखा हलला नाही. त्यानं परत दाबलं. "लाईट न्हाई वो, शेठ," तो हळूच म्हणाला, आणि गाभाऱ्यातला प्रत्येक जण आपोआप पंख्याकडे बघायला लागला. मॅडमनीही बघितलं. मग कळीकडे, मग पुन्हा पंख्याकडे. मनकर्णा डोळे मिटून उभी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवीला हात जोडले, आणि कुणाच्या बाजूनं मागावं हे मला कळेना.

अकरा मिनिटं लागली. मॅडमनी घड्याळ लावून वेळ नोंदवली. उजवी कळी अलगद सुटून देवीच्या पायाशी पडली.

"आईची इच्छा!" शेठ सर्वांच्या आधी ओरडले. मॅडमनी आमच्या डोळ्यांदेखत पंख्याची चलाखी पकडली होती, आता इच्छाच म्हणायला हवी होती. बावीसच्या बावीस नावं हजेरीपटावर चढली. सदर 'येणारे-जाणारे' मी स्वतः लाल शाईनं रद्द केलं. शेठचा पुन्हा पेपरात फोटो आला, 'कामगारांच्या आरोग्यासाठी देवीचा कौल घेणारा उद्योजक'. ओळ माझीच.

मनकर्णाचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानं ती कामावर आली आणि काढलेले खडे प्लास्टिकच्या डबीत घालून मला दाखवायला घेऊन आली. चांगले हरभऱ्याएवढे होते.

"बरं वाटतंय का?"

"लई हलकं वाटतंय, दिवानजी. देवीचं बरं हुवो, तुमचंबी बरं हुवो." डबी पदरात बांधली, पण ती जागची हलेना. "एक इचारू? आमच्या वन्स तुमच्याकडं अकरा वर्सं धुनंभांडी करत्यात. त्यांचा गुडघा गेलाय. त्यांच्या विम्याचं काय?"

मी हसलो. "अगं, आमचं घर म्हणजे काय कारखाना आहे? तिथं दहा माणसं नाहीत, कायदा लागत नाही. आणि दगडाबाईला आम्ही कामवाली मानतच नाही. ती आमच्या घरातलीच."

"व्हय का? मग घरातल्यांच्या पॉलिशीत त्यांचंबी नाव घाला की."

मी म्हणालो, बघतो. घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे शोभाला, विचारलं. आमच्या पॉलिसीत आम्ही चौघं आहोत. स्कूटरचा विमा वेगळा आहे, टीव्हीचाही काढलाय. शोभा म्हणाली, "दगडाबाईचा काढायला काहीच हरकत नाही हो, पण आपल्यात असं कुणी करत नाही. उगाच एक पायंडा पडतो." मला ते पटलं. तरी मनाला रुखरुख नको, म्हणून मी माळाईला कौल लावायचं ठरवलंय. सगळं रीतसर झालेलं बरं.

बुधवारी सकाळी जाणार आहे. सहादेवाला विचारून ठेवलंय, लाईट असते. तुमच्याकडेही सकाळी कुणी भांड्याला येत असेल, आणि तीही घरातलीच असेल. तिचं विचारायचं असेल तर नाव कळवा. एकाच खेपेत होऊन जाईल.