सदाभाऊंचं शेपटीवालं इंग्रजी

सदाभाऊंनी एकदा महाडची एसटी एका शब्दासाठी खोळंबून ठेवली होती. बिरवाडीच्या थांब्यावर कंडक्टर हौसेनं ओरडला, "चला, गेट इन, गेट इन!" सदाभाऊंनी एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबले.

"गेट इन नाय. गेट ऑन. जीपमध्ये शिरायचं ते इन. एसटीला ऑन."

मागे आम्ही सगळे ताटकळत उभे. कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि वर बोट केलं. "ऑन पायजे? टपावर आंब्याच्या पेट्या हायत, त्यांच्या बाजूला बसा."

सगळी गाडी हसली. सदाभाऊही हसले. पण आत बसल्यावर मागे वळून मला म्हणालेच, "हसू देत, बाई. ऑनच हाय."

ही ऐंशी सालाच्या पुढची-मागची गोष्ट. मी बिरवाडीच्या शाळेत शास्त्र शिकवत होते आणि सदाभाऊंच्या घराची बाहेरची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. औद्योगिक वसाहतीत तेव्हा नव्या नव्या कंपन्या येत होत्या. त्यांतल्या एका रंगाच्या कंपनीत सदाभाऊ स्टोअर सांभाळायचे. त्यांचा साहेब तमिळ. साहेबाला मराठी येईना, यांना तमिळ येईना. मग दोघांनी मिळून, ड्रम मोजता मोजता, मधोमध एक इंग्रजी उभं केलं. साहेबानं ते कंपनीपुरतं ठेवलं. सदाभाऊ मात्र ते घरी घेऊन आले.

त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते चहाचा कप हातात येईपर्यंतही दम न धरता सांगत. "बाई, इंग्रजीत क्रियापदं म्हणाल तर मूठभर. गेट, पुट, टेक, लूक. बाकीचं काम शेपट्या करतात. शेपटी बदलली की जनावर बदललं. आता बघा. लूक ॲट म्हंजे बघणं. लूक फॉर म्हंजे शोधणं. लूक आफ्टर म्हंजे सांभाळणं. आनि लूक इनटू..."

"म्हणजे तपास करणं," मी म्हटलं.

"छ्या! सायेब बोलला, आय विल लूक इनटू इट, की समजायचं, काम होत नाय."

पुढच्याच आठवड्यात माझ्या रजेबद्दल मुख्याध्यापक नेमके तेच शब्द बोलले. मी रजेचा नाद सोडला आणि वर्गावर गेले.

शेपट्यांच्या खालोखाल त्यांचा जीव सर्वनामांवर. त्यातही 'यू' वर. घर बौद्धवाडीतलं. वडील जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर राबलेले. "आमच्या बापाला गावात कुनी अवो-जावो केलं नाय," ते एकदा सहज बोलावं तसं बोलले. "म्हातारा झाला तरी अरे-तुरे. इंग्रजीत बघा, सायबाला यू, मला पन यू. कुनालाच अवो नाय. फिट्टंफाट!" आणि टाळीसाठी हात पुढे केला. मीही टाळी दिली.

घरात त्यांच्या इंग्रजीला मोठा विरोध होता तो त्यांच्या आईचा. सगळे तिला आये म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. एकदा शेळी लाकडांच्या ढिगावर चढून बसली. सदाभाऊ खाली उभे राहून तिला शांतपणे समजावत होते, "गेट डाऊन. नॉट गेट अप. गेट डाऊन." शेळी रवंथ करत ऐकत होती. आये आतून आली, एक ढलपी उचलून भिरकावली, शेळी टुणकन खाली.

"तिला तिची शेपटी हाय रे," आये म्हणाली. "तुजी आनि कशाला लावतोस?"

आता सदाभाऊंच्या बायकोबद्दल, शेवंतावहिनींबद्दल सांगायला हवं. वहिनी पोलादपूरकडच्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की नेमकं. घरात आये, धाकटा दीर, जाऊ, पोरंटोरं, आणि खोल्या दोन. एवढ्या माणसांत नवरा-बायकोनं समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. मराठीत सदाभाऊ बायकोशी थेट कधी बोललेलं मी ऐकलं नाही. "कुनीतरी पानी द्या" असं ते भिंतीला सांगत आणि वहिनी पाणी आणत. पण दिवेलागणीला, पडवीत वहिनी तांदूळ निवडायला बसल्या की सदाभाऊ समोर बसून शिकवणी सुरू करत. तीही खड्या आवाजात, साऱ्या घरादेखत. शिकवणीला कोण काय बोलणार?

"से. आय गो टू बाजार."

"आय गो ॲट बाजार."

"टू! टू!"

"एकटीच जात्ये, टू कशाला?" वहिनी म्हणत, आणि तांदळातला खडा टाकून देत.

त्या मुद्दाम चुकत असाव्यात असा मला संशय होता. कारण एका सकाळी पहिल्या पाळीची घाई असताना सदाभाऊ घरभर ओरडत फिरत होते, "व्हेअर इज माय शर्ट? हू टेक माय शर्ट?" वहिनींनी चुलीपासून मानही न वळवता सांगितलं, "शर्ट इज ऑन यू."

सदाभाऊंनी खाली पाहिलं. शर्ट अंगातच होता. पण त्यांना शर्टाचं काही नाही; "ऑन! ऑन बोलली! बरोब्बर बोलली!" म्हणून ते नाचायचेच बाकी राहिले. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तमिळ साहेबापर्यंत पोचली होती.

मग एकदा वहिनींचं पोट दुखायला लागलं. त्यांनी सवयीप्रमाणे ते अंगावर काढलं. अगदीच उभं राहवेना तेव्हा कंपनीची जीप मागून आम्ही त्यांना महाडला एका दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. वहिनी आज ठणठणीत आहेत, सुनेला धाकात ठेवून आहेत, म्हणून हे मी मजेत सांगते आहे. त्या सकाळी मात्र सदाभाऊ दोन्ही भाषांत गप्प.

वहिनींना स्ट्रेचरवरून न्यायला लागले. भोवती आये, दीर, जाऊ, वाडीतली पाच-पंचवीस माणसं. सदाभाऊ गर्दीतून पुढे झाले. शर्टाचं गळ्याचं बटण लावलं. शिकवणीला धरत तसं बोट वर धरलं.

"से," ते खड्या आवाजात म्हणाले. "आय विल वेट फॉर यू."

वहिनींनी डोळे उघडले. "यू विल वेट फॉर मी."

"आय सिट हिअर. निअर द डोअर. नॉट गो होम. नॉट ईट."

"निअर द डोअर," वहिनी म्हणाल्या.

"यू कम बॅक टू मी."

इथे त्यांचं वर धरलेलं बोट खाली आलं. वहिनींनी ते पाहिलं. मग एकही चूक न करता, सावकाश म्हणाल्या, "आय कम बॅक टू यू. बट यू ईट."

"अरे मेल्या," आये कडाडली, "तिला कापायला नेतायत आनि तू इथं पन शाळा मांडलीस?"

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. सदाभाऊ दाराकडे तोंड करून उभे राहिले. आयेनं माझा हात धरून मला बाजूला ओढलं.

"काय बोलला गो बाई तो तिला?"

सदाभाऊंखेरीज तिथे इंग्रजी कळणारी मी एकटीच होते. "व्याकरण होतं, आये."

"मग तिच्या डोळ्यात पानी कशाला? आनि वर हसत पन होती."

"तिचं उत्तर बरोबर आलं ना, म्हणून."

आयेनं माझा हात सोडला. मग काखेतलं भाकरीचं फडकं सोडत ती लेकाजवळ गेली, भाकरीवर कांदा ठेवला आणि त्याच्या हातात कोंबला.

"नको, आये," सदाभाऊ म्हणाले.

"ती काय सांगून गेली? तेवढं कळतं मला," आये म्हणाली. "ईट."

सदाभाऊंनी दाराजवळ उभ्याउभ्याच भाकरी खाल्ली.