नाव घातलेली नाणी

जनार्दन देवस्थळींना आजवर कोणी फसवू शकलेलं नाही. असं ते स्वतःच सांगतात, आणि कोणी न विचारता सांगतात! तीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढलेला माणूस. जळालेलं गोदाम एकदा बघितलं की मालक किती खोटं बोलतोय ते ओळखणारा. जयपूरला बदली झाली तेव्हा ट्रकमधल्या प्रत्येक खोक्यावर त्यांनी चारही बाजूंनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

अशा माणसाच्या हाती वडिलांची चांदीची आठ जुनी नाणी आली. सोबत चिठ्ठी होती: 'नीलिमा आणि जनार्दन, दोघांना निम्मी.' नीलिमाताई म्हणजे थोरली बहीण, कारखानिसांकडे दिलेली, राहायला मिरजेला. ती फोनवर म्हणाली, "जना, तिकडे जयपुरात जुन्या नाण्यांचे जाणकार आहेत म्हणतात. किंमत काढून विकून टाक. माझ्या चारांत गळकी गच्ची दुरुस्त झाली तर देव पावला. तिन्ही खोल्यांत बादल्या मांडून बसलेय मी!"

"ताई, तू निर्धास्त राहा," जनार्दनराव म्हणाले, "मी आहे ना!"

ते 'मी आहे ना' म्हणाले की त्यांची बायको अलका हातातलं काम खाली ठेवते. काहीतरी होणार हे तिला ठाऊक असतं.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आईच्या पाटल्या वाटल्या तेव्हा ताईचे यजमान सहज म्हणाले होते, "वजन जरा कमीच वाटतंय, नाही?" ते वाक्य जनार्दनरावांना बारा वर्षं टोचत होतं. या खेपेला कोणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. व्हिडिओ कॉलवर ताईच्या डोळ्यांदेखत अलकाने चिठ्ठ्या उचलल्या. चार नाणी ताईची, चार यांची. ताईच्या वाट्याला एक अगदीच झिजलेलं आलं. "असू दे रे," ती म्हणाली, "माझं नशीब."

पण जनार्दनरावांना पुढचं दिसत होतं. "दुकानदाराने आपली चांगली नाणी आत नेली आणि दुसरीच बाहेर आणली तर? ओळखखूण काय? ओळखखूण नसलेल्या वस्तूचा दावा मी तीस वर्षांत एकदाही मंजूर केलेला नाही!"

"अहो, फोटो काढून ठेवा की," अलका म्हणाली.

"फोटो काय, कोणीही काढतो!"

आणि ते थेट भांड्यांच्या दुकानात गेले. लग्नामुंजीत द्यायच्या पातेल्या-वाट्यांवर आपण नाव घालून घेतो ना, अगदी तस्सं! मशीनवाल्याने नाणं उलटसुलट करून पाहिलं. "बाबूजी, ये तो पुराना माल लगता है। इस पे नाम?"

"तुम नाम डालो जी," जनार्दनराव आपल्या सांगली वळणाच्या हिंदीत म्हणाले, "मतलब, पूरा डालो. नुसती आद्याक्षरं कोणाची पण होती है!"

मशीन घर्रघर्र करत फिरलं. चार नाण्यांवर जनार्दन देवस्थळी, चारांवर नीलिमा देवस्थळी. त्यातही झिजलेल्या नाण्यावर जागा मोकळी असल्यामुळे ताईचं नाव फार सुरेख आलं, ठसठशीत, वेलांटीसकट! जनार्दनराव घरी आले ते शीळ घालतच. अलकाने नाणी बघितली आणि कपाळावर हात मारला. "अहो, जुन्या नाण्यांना नुसतं घासूसुद्धा नये म्हणतात!"

"म्हणणारे विम्यात नव्हते," जनार्दनराव म्हणाले.

शनिवारी दोघं जौहरी बाजारात घीसालालजींच्या पेढीवर पोचले. जुन्या नाण्यांचे जाणकार घीसालालजी सत्तरीचे, शांत, डोळ्याला भिंग. त्यांनी आधी चहा मागवला. मग जनार्दनरावांची चार नाणी बघितली, मग ताईची तीन, आणि प्रत्येक वेळी एक बारीक सुस्कारा सोडला. "ये सात तो आम हैं, चाँदी का भाव मिलेगा।" आठवं, ते झिजलेलं, हातात घेतल्यावर मात्र ते ताठ बसले. मागची बाजू बघितली. पुन्हा बघितली. नाणं पालथं केलं आणि त्यांचा चहाचा कप हवेतच थांबला.

"साहब," ते अत्यंत आदराने म्हणाले, "ये नीलिमा कौनसी रियासत की महारानी थीं?"

"महारानी नहीं जी. मेरी बहन है. मिरज में."

घीसालालजींनी भिंग काढून गादीवर ठेवलं. एका चिमुकल्या, कधीच विलीन झालेल्या संस्थानाचा तो रुपया होता. असे फार थोडे उरलेत. परवापर्यंत त्याचे सव्वा लाख त्यांनी स्वतः मोजून दिले असते. "और अब?" जनार्दनरावांनी विचारलं. घीसालालजींनी नाणं फक्त वजनकाट्यावर ठेवलं.

परत येताना रिक्षात, आदर्श नगरातलं घर येईपर्यंत जनार्दनरावांच्या डोळ्यांसमोर मिरजेच्या तीन खोल्या आणि त्यातल्या बादल्या होत्या. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. घरी आल्याआल्या त्यांनी फोन लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"नाव काय घातलंयस?" ताईने विचारलं.

"नीलिमा देवस्थळी."

"कारखानीस नाही?"

"नाही गं. सासरचं नाव डोक्यातच आलं नाही. तेही चुकलंच."

मग ताईचा आवाज आला, जरा घोगरा. "अडतीस वर्षं झाली जना, त्या नावाची एक वस्तू माझ्या घरात नाही. रेशनकार्डापासून डब्यापर्यंत सगळीकडे कारखानीस. ते नाणं विकायचं नाही. मला पाठवून दे."

"ताई, तू खरंच रागावली नाहीस?"

"नाण्यावरून? मुळीच नाही," ताई म्हणाली. "गवंडी सोमवारी येतोय. बिलावर तुझं नाव घालायला सांगते!"