कडी तीनदा वाजवायची

आमच्या गल्लीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साथ येते. सकाळी दहाला येते, साडेदहाला जाते. आणतात त्या ढोबळे सिस्टर.

सिस्टर निवृत्त नर्स. महाल भागात आमच्या भिंतीला भिंत लागून एकट्या राहतात. दहाच्या ठोक्याला त्या शिट्टी फुंकतात, की निम्म्या घरांनी दारं लावून आत बसायचं. उरलेल्या घरांतल्या माणसांनी ठरलेल्या दाराशी जायचं, तीनदा कडी वाजवायची, दोन पावलं मागं सरायचं आणि विचारायचं, "जेवले का? ताप आहे का?" आतून उत्तर आलंच पाहिजे. कुणी कुरकुरलं की सिस्टर कडाडतात, "बिमारी विचारून नाही येत. प्रॅक्टिस पाहिजे!"

एकदा माझा साडू काटोलहून संत्र्यांची पेटी घेऊन नेमका सव्वादहाला टपकला. सिस्टरांनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. "संत्री आत जातील. माणूस साडेदहाले." पेटी ठेवून तो जो तणतणत गेला, तो अजून आलेला नाही. संत्री गोड होती.

मागच्या वर्षी त्यांना कळलं, की जोखमीच्या देशांना पुढच्या महासाथीच्या तयारीसाठी परदेशातून अनुदान मिळतं, आणि इथली एक संस्था ते वस्त्यांपर्यंत पोचवते. सिस्टरांना गल्लीसाठी ऑक्सिजनचं मशीन हवं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून फॉर्म माझ्या गळ्यात पडला.

"इथं 'उच्च जोखमीचा देश' लिहायचंय," मी म्हटलं.

"देशाचं मले नाही माहीत. ही गल्ली जोखमीची आहे, तसं लिही गा."

संस्थेचे एक साहेब पाहणीला आले. त्यांनी शिट्टीचं कौतुक केलं, चहा घेतला आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे मॅडम. फक्त ते कडी वाजवणं काढा, एखादं ट्रेनिंग टाका. कडी अहवालात मोजता येत नाही. तेवढं बदललं की मशीन आलंच समजा."

"नाही काढत."

"मॅडम, मशीन..."

"आतमंधी माणूस पडून राहिला, हे मशीनले कोण सांगते? ज्याची कडी कोणी वाजवली नाही त्याले विचारा, मोजता येते का नाही ते. तुमची ग्रँट तुमच्यापाशी ठेवा."

साहेबांनी फाइल परत केली आणि ते उठले. कपात अर्धा चहा तसाच होता. "काहून, साखर कमी झाली का?" सिस्टरांनी विचारलं.

मी वैतागलो. एक ओळ खोडली असती तर काय बिघडलं असतं, असं पुटपुटत कागद आवरायला लागलो आणि फॉर्मला जोडलेल्या, कोण कुणाची कडी वाजवणार त्या यादीवर नजर गेली. माझ्या घरासमोर सिस्टरांचं नाव होतं. सिस्टरांच्या घरासमोरची जागा कोरी.

खरी साथ आली होती, तेव्हा सिस्टर नोकरीत होत्या. वॉर्डात ड्यूटी करता करता आजारी पडल्या आणि चौदा दिवस याच घरात कोंडून राहिल्या. भिंतीपलीकडून खोकला यायचा. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. भीती वाटत होती, हे खरं. पण चौदा दिवसांत एकदाही त्यांची कडी वाजवली नाही, हेही खरं. त्याची मला आजही लाज वाटते. आणि या बाईंनी माझ्या दारासाठी स्वतःचं नाव घातलं होतं.

मी पेन काढलं आणि कोऱ्या जागी माझं नाव लिहिलं.

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "खोड ते. फॉर्मात खोटी माहिती चालत नाही."

मी खोडलं नाही.

एरवी सिस्टर शिट्टी घेऊन बाहेरच उभ्या असायच्या. पुढच्या महिन्याच्या साथीला मात्र शिट्टी फुंकून त्या घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी गेलो, तीनदा कडी वाजवली, दोन पावलं मागं सरलो.

"सिस्टर, जेवल्या का? ताप आहे का?"

गल्ली माझ्याकडे बघत होती. मी जागचा हललो नाही. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता.

"पुन्हा वाजव गा. ऐकू नाही आलं."

कडी अख्ख्या गल्लीला ऐकू गेली होती. मी पुन्हा वाजवली.