काकांचा कच्चा शिधा

आमच्या मधुकाकांसमोर ‘जेपेग’ हा शब्द काढू नये. माणूस पेटतो.

“जेपेग म्हंजे उष्टं! फोटो काढला की कॅमेरा त्यातलं निम्मं खाऊन उरलेलं तुला देतो. तू मोबाइलवरून पुढं धाडलास की अजून एक घास गेला. खातूस का लोकाचं उष्टं?”

मधुकाका माझे धाकटे चुलते. उदगीरला शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले आणि काकू गेल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. ते फक्त ‘रॉ’ फायली काढतात. कॅमेऱ्याला जे दिसलं ते सगळं त्यात असतं, म्हणून फाइल भलीमोठी, आणि साध्या मोबाइलवर उघडेल तर शपथ. काका तिला शिधा म्हणतात. उजेड, रंग नीट करून तो आपण शिजवायचा, मग जेपेग करून लोकांना वाढायचा. ऐकायला छान आहे. पण हा माणूस चूल पेटवतच नाही!

लातुरात माझ्या मुलीच्या बारशाला यांनी सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. “मी हाय ना!” चुलत्याला नाही कोण म्हणणार? पोरगी आता घरभर पळते आणि बारशाचा एक फोटो घरात नाही. बायको रोज माझा उद्धार करते, आणि तिचं काही चुकत नाही.

म्हणून दर रविवारी मी तणतणत उदगीर गाठतो. काकांनी चुरमुऱ्यांचा सुशीला केलेला असतो. चहा होतो. मग कॉम्प्युटरवर एकच फोटो उघडून ते तासभर झबल्याचा रंग जुळवत बसतात.

“बाकीचे?”

“शिजवायलोय की. घाई केली की करपतंय. पुढल्या रविवारी ये.”

परवा माझा तोल गेला. पेनड्राइव्ह टेबलावर आपटला. “शिधा कच्चाच द्या, काका! ते सॉफ्टवेअर मी घेतलंय. माझं मी शिजवतो!”

आता भांडण होणार म्हणून मी बाह्या सरसावून बसलो होतो. पण काकांनी पेनड्राइव्ह उचलला. सगळ्या फायली भरून दिल्या, गेटपर्यंत आले आणि माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, “मग आता तू रविवारचं येणार न्हाईस.”

माझं डोकं आणखीच तडकलं. एवढ्यासाठी आमचं बारसं अडवून धरलं होतं होय!

“येणार न्हाई म्हंजे?” मी रस्त्यात ओरडलो. “झबल्याचा रंग मला कुठं ठाऊक हाय? येतो की! पोरीला अन् तिच्या आईलाबी आणतो. सुशीला जास्त करा!”

काकांनी गेटाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली.

“तिखट कमी घालावं लागंल मग,” ते म्हणाले. “लेकरू हाय.”